विद्यापीठासाठी सुटसुटीत लघुनाम कसे निवडावे

महाराष्ट्रातील विद्यापीठांची नावे गेल्या काही दशकांत लांबत गेली आहेत. कुठे थोर व्यक्तीचे नाव जोडले गेले, कुठे प्रदेशाचे नाव कायम ठेवून त्यापुढे व्यक्तीचे नाव आले, आणि आता 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' किंवा 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' असे एका दमात न उच्चारता येणारे नाव प्रत्येक पत्रशीर्षावर दिसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत हेच पूर्ण नाव असते आणि पदवी प्रमाणपत्रावर तेच छापले पाहिजे, याविषयी वाद नाही. मात्र 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवाच्या गुणफलकावर, खेळाडूच्या जर्सीवर, एका स्तंभाच्या मथळ्यात किंवा फोनवर पत्ता सांगताना हे नाव मावत नाही. तिथे लघुनाम लागते, आणि विद्यापीठाने ते ठरवले नाही तरी लोक ते पाडतातच. पुढील सूचना विद्यार्थी विकास मंडळ, माजी विद्यार्थी संघटना, अधिसभेचे सदस्य किंवा जनसंपर्क कक्ष यांपैकी ज्यांच्यावर हे काम येईल त्यांच्यासाठी आहेत.

पहिली पायरी समिती नेमण्याची नाही. आधी आठवडाभर लोक काय म्हणतात ते ऐकावे. प्रवेशद्वाराबाहेरचा रिक्षावाला, बसचा वाहक, झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा, खानावळीच्या मावशी, हॉल तिकीट घ्यायला आलेले पालक आणि परगावच्या महाविद्यालयातील लिपिक यांनी वापरलेला शब्द जसाच्या तसा वहीत टिपावा. त्यातून एक गोष्ट लवकर लक्षात येते, ती म्हणजे विद्यापीठाच्या गावात लघुनामाची गरजच नसते. पुण्यात बसमध्ये 'विद्यापीठ' एवढे म्हटले तरी तिकीट मिळते, आणि आचार्य आनंदऋषीजी चौकाला पुणेकर आजही विद्यापीठ चौकच म्हणतात. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसराला कोणी विद्यानगरी म्हणत नाही, 'कलिना' म्हटले की काम होते. राहुरी, दापोली, परभणी, अकोला ही गावे शेतकऱ्यांच्या तोंडी कृषी विद्यापीठांची नावे होऊनच बसली आहेत. म्हणून वहीतील नोंदींचे दोन भाग करावेत: गावातल्या माणसांचा शब्द आणि बाहेरगावच्या माणसांचा शब्द. लघुनाम दुसऱ्या वर्गासाठी हवे आहे. ते जिथे विद्यापीठ कोणाला माहीत नाही तिथे चालले पाहिजे.

यानंतरचा निर्णय सर्वांत अवघड असतो आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. पूर्ण नावात साधारणपणे तीन घटक असतात: व्यक्ती, प्रदेश वा गाव, आणि संस्थेचा प्रकार. लघुनामात तिन्ही मावत नाहीत, त्यामुळे काय राखायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते. हा प्रश्न केवळ सोयीचा वाटतो, पण तसा तो नाही. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, घरे जळाली. प्रत्यक्ष नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांच्या लढ्यानंतर. आजही दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोक अभिवादनाला जमतात. अशा ठिकाणी 'मराठवाडा विद्यापीठ' एवढेच म्हणणे हे लांबी कमी करणे राहत नाही, ते एक भूमिका घेणे ठरते, बोलणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो. इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेल्या 'बामू' या नावात आंबेडकर या नावाचे अक्षर आहे खरे, पण ऐकणाऱ्याला ते ऐकू येत नाही. माझे मत असे की, जे नाव लोकांनी झगडून मिळवले आहे ते लघुनामात संपूर्ण शब्दाच्या रूपात राहिले पाहिजे. गावात 'आंबेडकर विद्यापीठ' पुरे. बाहेर 'आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' म्हणावे लागेल, कारण बाबासाहेबांचे नाव असलेली विद्यापीठे लखनौ, दिल्ली, आग्रा, हैदराबाद, अहमदाबाद येथेही आहेत आणि आपल्याच राज्यात लोणेरे येथेही एक आहे. हे लघुनाम फारसे लघु होत नाही, पण तेवढे मोल देण्यासारखे आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू कोल्हापुरात दिसते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नाव 'शिवाजी विद्यापीठ' एवढेच ठेवले गेले. २०२५ मध्ये 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' असा नामविस्तार करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद नेमका लघुनामाविषयी होता. नाव लांबले की त्याची आद्याक्षरे होतात आणि महाराजांचे नावच लोकांच्या तोंडून जाते, असे ते म्हणाले. त्यांनी दाखले दिले ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे, ज्याला सगळे 'एमएस युनिव्हर्सिटी' म्हणतात, आणि मुंबईच्या 'सीएसएमटी' स्थानकाचे. मागणी करणाऱ्यांचा आदरभाव खोटा होता असे मला म्हणायचे नाही. परंतु आदरार्थी उपपदे जितकी वाढतील तितकी मूळ नाव उच्चारले जाण्याची शक्यता घटते, हे निरीक्षण कोणत्याही विद्यापीठाने ध्यानात घ्यावे असे आहे. आणखी जुना दाखला महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीनंतर १९२० मध्ये त्याला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव दिले गेले. 'एसएनडीटी' हे लघुनाम इतके उत्तम रुजले की तेच नाव झाले. पण त्यात 'श्रीमती' या उपपदाला एक अक्षर मिळाले आणि नाथीबाईंनाही एकच, आणि या चार अक्षरांतील 'एन' म्हणजे कोण, हे तिथे शिकलेल्या किती जणींना सांगता येईल याची मला शंका आहे. म्हणून आद्याक्षरे घेण्याचे ठरले तर उपपदांना त्यातून बिनदिक्कत वगळावे: डॉक्टर, श्रीमती, राष्ट्रसंत, पुण्यश्लोक ही पूर्ण नावाची शोभा आहे, लघुनामाची नव्हे.

काय राखायचे हे ठरले की लिपीचा प्रश्न येतो. इंग्रजी आद्याक्षरे घ्यायची, की मराठी शब्दांची आरंभीची अक्षरे जोडायची? पहिली पद्धत सहज हाताशी येते, कारण संकेतस्थळाचा पत्ता आणि ईमेल त्याच अक्षरांत असतात. दुसरी पद्धत मात्र मराठीच्या अंगवळणी पडलेली आहे. महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'मसाप', महानगरपालिकेची 'मनपा', अंधश्रद्धा निर्मूलन समितीची 'अंनिस', शेतकरी कामगार पक्षाचा 'शेकाप' ही नावे कोणी कुणाला शिकवलेली नाहीत. विद्यापीठांतही हेच घडले आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेले टिळक महाराष्ट्र विद्यापीठ पुण्यात 'टिमवि' आहे, जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 'उमवि' झाले, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 'वनामकृवि' आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 'पंदेकृवि'. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला वृत्तपत्रे 'स्वारातीम विद्यापीठ' म्हणतात.

मराठी अक्षरांची बाजू मी केवळ अभिमानापोटी घेत नाही. बोटांवर मोजून पाहावे. जळगावच्या विद्यापीठाचे २०१८ मधील नामविस्तारानंतरचे इंग्रजी लघुरूप 'केबीसीएनएमयू' उच्चारायला सहा अक्षरे लागतात, तर 'जळगाव विद्यापीठ' पाच उच्चारांत होते. म्हणजे संक्षेप मूळच्या बोलीतील नावापेक्षा लांब झाला! 'उमवि' मात्र तीनच. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराचे नाव हा स्वतंत्र उच्चार असतो, म्हणून चारापेक्षा अधिक आद्याक्षरे झाली की बचत संपते. ती शब्दासारखी सलग वाचता आली, जसे 'इग्नू', तरच हा मार्ग फायद्याचा. अर्थात मराठी अक्षरांनाही मर्यादा आहे. बहिणाबाईंचे नाव जोडले गेल्यावर जळगावच्या बातम्यांत 'कबचौ उमवि' असे लिहिले जाऊ लागले. ते छापण्यापुरते ठीक आहे, पण बोलताना 'कबचौ' गळते आणि 'उमवि' उरते. तीन ते पाच अक्षरांच्या पुढे लघुनाम गेले की लोक त्याचेही लघुनाम करतात.

आता निवडलेल्या दोन-चार पर्यायांची परीक्षा घ्यावी, आणि ती कागदावर नव्हे, तोंडाने. मराठीत नाम एकटे उभे राहत नाही, त्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात. 'टिमवित प्रवेश घेतला', 'उमविचा निकाल लागला', 'एसएनडीटीला अर्ज केला' ही वाक्ये अडखळत नाहीत, कारण ही नावे स्वरांत संपतात. 'स्वारातीम' किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठासाठी लिहिले जाणारे 'रातुम' यांच्या अंती व्यंजनाचा उच्चार आहे, त्यामुळे त्यांना प्रत्यय सुखाने चिकटत नाही आणि पुढे 'विद्यापीठ' हा शब्द जोडावाच लागतो: 'स्वारातीम विद्यापीठात', 'रातुम नागपूर विद्यापीठाचा'. ती नावे वाईट आहेत असे नाही, पण ती नामे राहिली नाहीत, विशेषणे झाली. शेवटी 'वि' ठेवण्याचा हा मोठा लाभ आहे की, 'विद्यापीठ' हा अर्थही येतो आणि प्रत्ययाची सोयही होते. लिंगाचाही विचार करावा. विद्यापीठ नपुंसकलिंगी आणि युनिव्हर्सिटी स्त्रीलिंगी असल्यामुळे एकच लघुनाम एका बातमीत 'सुरू झाले' आणि दुसरीत 'सुरू झाली' असे दिसते. लेखनात नपुंसकलिंग ठरवून टाकावे. बोलण्यात लोक काय करतात त्यात लक्ष घालू नये.

तोंडी परीक्षेचे आणखी दोन प्रसंग पुरेसे आहेत. एक, कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभे राहून नाव ओरडून पाहावे. ज्या नावावर ठेका धरता येत नाही ते जर्सीवर असूनही प्रेक्षकांत पोहोचत नाही. दुसरा, खराब नेटवर्कवर परगावच्या माणसाला ते सांगून त्याने काय लिहून घेतले ते विचारावे. 'बी' आणि 'डी', 'एम' आणि 'एन' यांची गफलत इथेच पकडली जाते.

अर्थ आणि टक्कर यांची तपासणी मात्र सावकाश करावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला बीड जिल्ह्यात 'स्वाराती' म्हणतात. नांदेडचे विद्यापीठ 'स्वारातीम'. दोन्ही मराठवाड्यात, दोन्ही शासकीय पत्रव्यवहारात आणि फरक एका अक्षराचा. एकाच थोर व्यक्तीचे नाव अनेक संस्थांना असते तेव्हा हे टळत नाही, म्हणून अशा वेळी गावाचे नाव जोडूनच लघुनाम वापरण्याची शिस्त लावावी. अर्थाची बाब याहून नाजूक आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची इंग्रजी आद्याक्षरे सलग वाचली तर 'बाटू' असा शब्द होतो. इंग्रजीत त्यात काहीच नाही, पण मराठीत 'बाटणे' या क्रियापदाला विटाळाचा, शिवाशिवीचा जो इतिहास चिकटलेला आहे तो पाहता बाबासाहेबांच्या नावाच्या संस्थेला हा उच्चार लागावा हे कानाला टोचते. पुढे 'डी' जोडून अक्षरे सुटी वाचली, म्हणजे 'डीबीएटीयू' म्हटले, की दोष जातो, पण नाव पुन्हा पाच उच्चारांचे होते. यावरून नियम एवढाच घ्यावा की, इंग्रजीत ठरवलेले प्रत्येक लघुनाम देवनागरीत लिहून, मोठ्याने वाचून, वेगवेगळ्या समाजांतील आणि वेगवेगळ्या तालुक्यांतील किमान दहा जणांना ऐकवावे. एकाही चेहऱ्यावर हसू किंवा आठी दिसली तर कारण विचारावे.

लेखनाच्या नियमांकडे सहसा दुर्लक्ष होते आणि मग एकाच विद्यापीठाची चार रूपे रूढ होतात. अक्षरांमध्ये टिंबे द्यायची की नाहीत हे आरंभीच ठरवावे. माझी शिफारस टिंबे न देण्याची आहे, कारण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'म.फु.कृ.वि.' हे रूप वाचकाला तोडून तोडून वाचायला लावते, तर 'मफुकृवि' हा शब्द होतो. ऱ्हस्व-दीर्घाबाबत मूळ शब्दातील अक्षर जसेच्या तसे ठेवावे: 'विद्यापीठ'चा 'वि' ऱ्हस्व, म्हणून 'उमवि', आणि 'तीर्थ'ची 'ती' दीर्घ, म्हणून 'स्वारातीम'. मराठी शब्दाच्या अंती दीर्घ लिहिण्याचा आपला नियम इथे लावून कोणी 'उमवी' करू पाहील, त्याला हे तुटलेले अक्षर आहे, पूर्ण शब्द नव्हे, असे सांगावे. 'बामू' किंवा 'इग्नू' यांचे तसे नाही. ती इंग्रजी अक्षरांवरून घडलेली सलग उच्चाराची नावे असल्यामुळे त्यांना नियमाप्रमाणे अंती दीर्घच हवा.

लघुनाम किती काळ टिकते याचा अंदाज निवड करणाऱ्यांना बहुधा नसतो. परभणीच्या विद्यापीठाचे नाव २०१३ मध्ये विस्तारले, पण तेथील सोयाबीनच्या वाणांना आधीच्या 'मराठवाडा अॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी'वरून लागलेला 'एमएयूएस' हा उपसर्ग 'एमएयूएस-७१' या जुन्या वाणावर आहे आणि २०१३ नंतरच्या वाणांवरही राहिला. 'पंजाबराव कृषी विद्यापीठ' या जुन्या नावावरून आलेल्या अकोल्याच्या 'पीकेव्ही'चेही तसेच झाले. बियाण्याच्या पिशवीवर गेलेले नाव अधिसूचना काढून परत आणता येत नाही. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले ते २०१४ मध्ये, पण संकेतस्थळाचा पत्ता 'युनिपुणे' हाच राहिला. जळगावच्या संकेतस्थळाचा पत्ताही 'एनएमयू'च आहे. म्हणून पुढे नामविस्तार झाला तरी मोडणार नाही असे लघुनाम निवडणे शहाणपणाचे. या बाबतीत मला सर्वांत चतुर वाटतो तो विद्यापीठ नसलेल्या एका संस्थेचा दाखला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे १९९७ मध्ये 'वीरमाता जिजाबाई' असे नामांतर झाले आणि 'व्हीजेटीआय' ही अक्षरे जागची हलली नाहीत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने तर पुढचे टोक गाठले: २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले तेव्हा 'सीओईपी' हे लघुनामच अधिकृत नावात शिरले, त्यातील 'सी' महाविद्यालयाचा असला तरी.

ही सारी रीत एका नव्या नावावर लावून पाहू. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, जिथे महानुभाव पंथाचे आद्य मराठी गद्य घडले, तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पूर्ण नाव तीनच शब्दांचे असल्यामुळे खरे तर घाई नाही. इंग्रजी आद्याक्षरांचा पर्याय या विद्यापीठाच्या बाबतीत पहिल्याच फेरीत बाद करावा, कारण मराठीच्या विद्यापीठाने स्वतःला इंग्रजी अक्षरांत ओळखवणे शोभत नाही. 'मभावि' हे तीन अक्षरांत बसते, स्वरांत संपते, 'मभावित', 'मभाविचा' असे प्रत्यय घेते, परंतु 'भ' आणि 'व' यांमुळे फोनवर ते 'मभावी', 'मभाई' असे ऐकू येण्याचा धोका आहे आणि ऐकणाऱ्याला त्यातून मराठी हा शब्द काही केल्या सापडत नाही. 'रिद्धपूर विद्यापीठ' अधिक लांब आहे, पण राहुरी आणि दापोली यांच्या रांगेत ते सहज बसते, गावाला मान देते आणि दुसऱ्या कोणाशी टक्कर घेत नाही. मी असतो तर बोलण्यासाठी 'रिद्धपूर' आणि मथळ्यासाठी 'मराठी विद्यापीठ' असे दोन शब्द सुचवले असते आणि 'मभावि' जर्सीपुरते ठेवले असते.

निवड झाल्यावर परिपत्रक एका पानापेक्षा मोठे काढू नये. त्यात लघुनाम, त्याचे नेमके लेखन, लिंग, प्रत्यय लावलेली तीन नमुना वाक्ये आणि ते कुठे वापरू नये याची यादी असावी: पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रक, न्यायालयीन कागद, थोर व्यक्तीच्या जयंती-पुण्यतिथीची निमंत्रणे. बातमीत पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि नंतर लघुनाम, ही विनंती स्थानिक वृत्तपत्रांच्या संपादकांना स्वतंत्र पत्राने करावी. सहा महिन्यांनी कुलसचिव कार्यालयाच्या आवक विभागात बसून बाहेरगावाहून आलेल्या शंभर पाकिटांवरचे पत्ते वाचावेत. लोकांनी वेगळेच काही लिहिलेले आढळले, तर परिपत्रक बाजूला ठेवून त्या शब्दाची वरील सगळी परीक्षा घ्यावी, आणि तो उतरला तर तोच स्वीकारावा.